वायरमन येईपर्यंत

श्रोतेहो, मला आठ मिनिटं दिली आहेत आणि त्यातली सात मी एकाच गोष्टीवर घालवणार, हे आधीच कबूल करते. गोष्ट एवढीच: मुलाची नजर का गेली याचं उत्तर मिळेपर्यंत त्याची शाळा बंद ठेवू नका.

फिरती विशेष शिक्षिका म्हणून मी तालुक्यातल्या शाळा वर्षानुवर्षं हिंडले. आजाराला नाव मिळालं की आईवडील रडतात, सावरतात, कामाला लागतात. माझी दमछाक झाली ती बिननावाच्या पोरांपायी. सहावीतला एक मुलगा. दिवाळीपर्यंत फळ्यावरचं घडाघडा वाचत होता. संक्रांतीला ताटातली चटणी कुठे आणि भाजी कुठे, हे बोटाने चाचपून बघायला लागला. तालुक्याला दाखवलं, डोळे ठीक आहेत म्हणाले. मग जिल्हा, मग पुणे, मग कुणीतरी सांगितलं म्हणून थेट चेन्नई. तोवर पोरगं आठ महिने ओट्यावर बसून. मी गेले की वडील म्हणायचे, "बाई, काय ते एकदा कळू दे, मग धाडतो शाळेत."

आता मला सांगा, रात्री घरातली लाईट गेली की आपण काय करतो? एक जण वायरमनला फोन लावतो आणि दुसरं कुणीतरी कंदील शोधतं. फॉल्ट कुठे आहे ते कळल्याशिवाय कंदील लावायचा नाही, असं कुठली बाई म्हणते? चुलीवरची भाकरी जळून जाईल की हो.

वायरमनचंच पुढे चालवते. तो आल्या आल्या बल्ब बघतो. बल्ब चांगला निघाला म्हणजे घरात उजेड आहे, असं होत नाही. मग होल्डर, वायर, फ्यूज, खांब, शेवटी डीपी. डोळ्याचंही तसंच आहे. पुढे बुबुळ आणि भिंग, मागे पडदा, पडद्यापासून मेंदूकडे जाणारी नस, आणि डोक्याच्या पार मागच्या बाजूला मेंदूचा तो भाग, जिथे खरं तर आपल्याला 'दिसतं'. ईआरजी नावाची तपासणी पडद्यात वीज उमटते का ते बघते. व्हीईपी बघते की ती मेंदूपर्यंत पोचते का. हे मी उपमा म्हणून सांगत नाही, खरोखरच वीज मोजतात. म्हणून 'डोळे नॉर्मल आहेत' असं पहिल्या डॉक्टरांनी म्हटलं, तर एवढंच समजा की बल्ब बघून झाला.

आणि गुरुजनहो, रागावू नका, पण 'नाटक करतोय' हा शब्द शाळेत आधी निघतो. स्टारगार्ट नावाचा पडद्याचा आनुवंशिक आजार आहे. त्यात सुरुवातीला पडदा तपासूनही काही सापडत नाही असं होतं, आणि मुलाला मात्र नेमकं मधलंच दिसत नाही. ते मान तिरकी करून कडेने बघतं, आणि आपण म्हणतो, सरळ बघ की रे. काही मुलांची नजर मनावरच्या ताणानेही जाते. तेही ढोंग नसतं, आणि ते ठरवायचं डॉक्टरांनी.

एक मात्र घाईचं. नजर एकदम गेली, डोळा हलवताना दुखतोय, पहाटे डोकं दुखून उलट्या होतायत, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. मध नाही, झाडपाल्याचा रस नाही, अंगारा नाही.

वायरमन बदलला की तो पुन्हा बल्बपासून सुरू करतो. म्हणून तपासण्यांचे कागद! कापडदुकानाच्या पिशवीत कोंबलेले नव्हेत. तारखेप्रमाणे लावलेले, एमआरआयची सीडी बरोबर. आणि प्रत्येक नव्या तपासणीआधी न लाजता विचारा: "डॉक्टर, याचं काहीही उत्तर आलं तरी औषधपाणी बदलणार आहे का?" कधी बदलत नसलं तरी तपासणी करावी लागते, पुढच्या भावंडासाठी कारण कळावं म्हणून. पण मग ती तपासणी शाळेची परीक्षा संपल्यावरही करता येते. तेवढ्यासाठी शाळा बुडवू नका. हे मी मघाशीच सांगितलं, ठाऊक आहे मला. पुन्हा सांगते.

कंदील म्हणजे काय, तेही ऐका. त्या मुलाला मी शाळेच्या व्हरांड्यात घेऊन बसले, जवळ काळं स्केचपेन आणि कोरे कागद. अक्षर मोठं करत करत गेले. बोटाच्या पेराएवढं झालं तेव्हा वीतभर अंतरावरून, डावीकडून, त्याने 'कमळ' वाचलं. आठ महिन्यांत कुणी त्याला हे विचारलंच नव्हतं, की बाबा, तुला दिसतं किती? सगळे विचारत होते, का दिसत नाही. वर्गात त्याला प्रेमाने पहिल्या बाकावर, खिडकीसमोर बसवलेलं, आणि ऊन थेट डोळ्यात! खिडकीकडे पाठ करून दिली, तर त्याला फळ्यावरचं ठळक शीर्षक तरी कळायला लागलं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, टॅबवर हवी तेवढी मोठी होतात. तो मुलगा दहावी झाला, लेखनिक घेऊन, तासाला वीस मिनिटं जादा वेळ घेऊन. कारण अजून सापडलेलं नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला पालक बिचकतात, कायमचा शिक्का बसेल म्हणून. अहो, तात्पुरतंही मिळतं, मुदतीचं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलं, तर २०१६च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं; कुठल्या, ते त्याच्या पसंतीने. दादरची मुलींची अंधशाळा १९०० सालची, पुण्याची कोरेगाव पार्कमधली १९३४ची. जाऊन बघून या, मुलालाही न्या. ब्रेल शिकलं की उरलेली नजर जाते, ही समजूत तर... त्यावर एक वेगळं भाषण होईल.

स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत. आता एकच. रात्री अंथरुणावर मूल विचारतं, "आई, मला परत दिसेल का गं?" तेव्हा 'हो, हो' म्हणू नका आणि रडतही बसू नका. 'माहीत नाही रे, शोधतोय आपण' म्हणा, आणि उद्याचं वेळापत्रक विचारा. म्हणजे पुन्हा तेच, शाळा...

वहीचं राहिलंच. फिक्या निळ्या रेघांची वही अशा मुलाला कोरीच दिसते; घरीच काळ्या मार्करने, दोन बोटं अंतर सोडून, जाड रेघा... बरं, थांबते.