शिष्यवृत्ती कुणाला, नेतृत्व कुणाचं?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात ‘मुलींचं उच्च शिक्षण’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आकडेवारी भरपूर झाली. मी आकडे बेताचेच सांगणार आहे. मला दिलेला विषय आहे शिष्यवृत्ती आणि नेतृत्वशिक्षण. आपल्यासारख्या देशांतल्या गरीब घरच्या मुलामुलींना शिकायला पैसे द्यायचे आणि जोडीला नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायचं, अशा योजना गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभर निघाल्या. आपल्याकडेही ट्रस्ट, कंपन्या, स्वयंसेवी संस्था हे काम करतात. मी स्वतः अशा एका ट्रस्टच्या निवड समितीवर होते. तेव्हा मी काही लांब उभी राहून टीका करणार नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करते.

२०१७ सालची गोष्ट. बारावी झालेल्या २० मुलींना पदवी होईपर्यंत वर्षाला २५ हजार रुपये आणि दहा दिवसांचं नेतृत्व शिबिर, अशी योजना होती. मुलाखती जिल्ह्याच्या गावी, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. टेबलामागे आम्ही पाचजण, समोर एक खुर्ची. एक मुलगी आली. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. बारावीला ७१ टक्के. आमच्यातल्या एकांनी विचारलं, ‘तुझ्यातले नेतृत्वगुण सांग.’ ती खाली बघत राहिली. पुन्हा विचारलं. ‘तसं काही नाही,’ म्हणाली. तिच्या आधी एक मुलगी येऊन गेली होती, तिनं समाजात बदल घडवण्याबद्दल सुरेख पाच मिनिटं भाषण केलं होतं. त्या मुलीचा काही दोष नाही, तिच्या घरी बोलण्याची सवय होती. तिला आम्ही दहापैकी नऊ दिले. हिला चार. शेऱ्याच्या रकान्यात ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहिलं. ते अक्षर माझं आहे.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर आम्ही काहीजणी तोडीच्या हंगामात कारखान्यांजवळच्या कोप्यांवर जायला लागलो. २०२० च्या जानेवारीत अशाच एका ठिकाणी बायकांशी बोलत बसले होते. मांडीवर वर्षाचं मूल घेतलेली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ‘म्याडम, तुम्ही त्या कमिटीत होता नव्हं?’ मला ओळख पटेना. शेजारची बाई तिच्याच गावची. ती कौतुकानं म्हणाली, ‘हिनंच आमच्या गावाला साडेपाचची गाडी आणली.’

हकिगत अशी. तालुक्याचं कॉलेज पाचला सुटायचं आणि गावाकडची एसटी सातला. हिवाळ्यात मुली अंधारात पोचायच्या. दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना काढूनच घेतलं. हिनं अकरावीत असताना १९ मुलींच्या सह्या घेतल्या, चार वेळा डेपोत गेली, आगार व्यवस्थापकांनी हाकललं तरी पुन्हा गेली. शेवटी गाडीची वेळ बदलली. हे सगळं आई-वडील तोडीला गेलेले असताना, धाकट्या दोन भावंडांचं करून.

मी तिला म्हटलं, ‘अगं, हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?’

ती म्हणाली, ‘तुम्ही नेतृत्वाचं इचारलं. बसचं कुठं इचारलं?’

आमच्याकडून नकार आल्यावर ती वर्षभर घरी बसली, आणि पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. तुमच्यातल्या मराठवाड्यातल्या बायांना हे समजावून सांगायला नको, पण शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या पोराला कोण देणार? म्हणून पोरांची लग्नं लवकर, म्हणजे पोरींची त्याहून लवकर. तिच्या कोयत्याला त्या वर्षी ६० हजार उचल मिळाली होती. आमची शिष्यवृत्ती २५ हजारांची. म्हणजे ती मिळाली असती तरी लग्न टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण घरात भांडायला तिच्या हातात काहीतरी असतं. ते मी काढून घेतलं, हे मात्र खरं.

तेव्हापासून इतर देशांत हे काम कसं चालतं ते मी मिळेल तिथून वाचत आले आहे. दोन उदाहरणं सांगते.

पहिलं शेजारचं. बांगलादेशात १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या सर्व मुलींना सरकारी विद्यावेतन सुरू झालं. अटी तीन. ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि शाळा संपेपर्यंत लग्न करायचं नाही. पैसे मुलीच्या नावावर बँकेत. मुलींची संख्या झपाट्यानं वाढली, माध्यमिक शाळांत त्या मुलांच्या बरोबरीला आल्या. ही लहान गोष्ट नाही. पण आज इतक्या वर्षांनीही तिथल्या निम्म्याच्या आसपास मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. मुलगी शाळेत आली, तिच्या नावावर खातं आलं, तरी लग्नाचा निर्णय कुणाच्या हातात राहिला, हा प्रश्न उरलाच. आणि त्या तिसऱ्या अटीकडे जरा नीट बघा. लग्न बापानं लावलं, विद्यावेतन मुलीचं गेलं. आमच्या ट्रस्टच्या फॉर्मवरही ‘अर्जदार अविवाहित असावी’ असं छापलेलं होतं. आम्हाला ते पुरोगामी वाटायचं!

दुसरं उदाहरण झिंबाब्वेचं, आणि ते मी जरा सविस्तर सांगणार आहे. १९९१ साली अ‍ॅन कॉटन नावाची एक ब्रिटिश बाई तिथल्या मोला या दुर्गम गावात गेली. माध्यमिक शाळेत मुली इतक्या कमी का, हे तिला शोधायचं होतं. सगळे जाणकार सांगत होते की तिथल्या रूढीच तशा आहेत, लोकांनाच मुली शिकायला नको आहेत. आपल्याकडे आदिवासी पाड्यांबद्दल नाहीतर भटक्यांच्या पालांबद्दल साहेबलोक हेच बोलतात. प्रत्यक्षात तिथे तिला दोन मुली भेटल्या. मोलाच्या शाळेची फी कमी म्हणून त्या जवळजवळ १०० किलोमीटर चालत आल्या होत्या आणि झोपडीत राहून शिकत होत्या. आईबापांनी तिला सांगितलं, फी एकाचीच भरता येते, मग मुलाची भरतो, कारण नोकरी लागली तर त्याला लागेल. म्हणजे रूढी होती, पण तिच्या मुळाशी हिशोब होता. आणि हिशोब बदलता येतो.

१९९३ मध्ये ३२ मुलींपासून काम सुरू झालं. त्याला कॅम्फेड म्हणतात. आज ते झिंबाब्वेशिवाय झांबिया, घाना, टांझानिया आणि मलावीतही चालतं. फीबरोबर गणवेश, बूट, वह्या, पाळीच्या वेळचे कपडे, गरज असेल तिथे राहण्याची सोय, हे सगळं त्यात धरलेलं असतं. मदत कुणाला द्यायची हे ठरवण्यात गावातले लोक असतात, शिक्षक असतात, आयांचे गट असतात. हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्ची मांडून ते होत नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९९८ मध्ये शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी आपली स्वतःची संघटना बांधली. त्यातल्या कितीतरीजणी आपल्याच भागातल्या शाळेत जाऊन मागच्या मुलींना शिकवतात, शाळा सोडलेलीच्या घरी जातात. त्यांना छोट्या धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं, आणि व्याज फेडायचं ते या कामाच्या रूपानं. बचत गट चालवणाऱ्या बायांनो, ही कल्पना तुम्हाला पटकन कळेल. पहिल्या तुकडीतल्या मुलींपैकी एक, अँजलिन मुरिमिर्वा, २०२३ पासून या संपूर्ण संस्थेची प्रमुख आहे. हे काम परदेशी देणग्यांवर उभं आहे, त्याचे धोके आहेत, त्यावर आपण पूर्वी पुष्कळ वाद घातले आहेत. ते धोके धरूनही मी म्हणते की नेतृत्वाचं शिक्षण तिथे वेगळं द्यावं लागत नाही. मागच्या मुलीची जबाबदारी घेतली की ते आपोआप सुरू होतं.

आता आमचं शिबिर बघा. दहा दिवस. फुगे फुगवण्याचे खेळ, ‘स्वतःची ओळख एका मिनिटात’, ध्येय कसं ठरवावं यावर व्याख्यान, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. मुली खूश असायच्या, कारण दहा दिवस भांडी घासायची नव्हती. तेवढं सुख मी नाकारत नाही. पण त्या मुलीला डेपोत चार वेळा जावं लागलं, ते दोन फेऱ्यांत कसं झालं असतं, हे आम्हाला तरी कुठे शिकवता येत होतं? अर्ज दिल्यावर पोच कशी घ्यायची. २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती झाल्याचं नुसतं कागदावर दाखवलं तर काय करायचं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. पुढे ज्या मुली तिथे बसणार त्यांना हे कोण शिकवणार?

तर आम्ही काय बदललं? एकदम नाही, भांडत भांडत. मुलाखती गावात घ्यायच्या, मुलीला एकटीला समोर न बसवता चार मैत्रिणींबरोबर गप्पा मारायच्या. ‘अडचण आली की तुम्ही कुणाकडे जाता?’ असं विचारलं की तीन मुली एकाच मुलीकडे बघतात. विवाहित मुलींना अर्ज खुला केला. आणि पैसे आधी द्यायला लागलो. हे बारीक वाटेल, पण सर्वांत जास्त मुली इथेच गळतात. २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच झालं. पण मेस, खोलीचं भाडं, एसटी आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलचे तीन हेलपाटे, म्हणजे बापाचे तीन रोज, हे माफ होत नाहीत. पावती दाखवा मग पैसे, हा नियम ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याच्यासाठी असतो.

एक विश्वस्त म्हणाले, अशानं गुणवत्ता खाली जाईल. मी विचारलं, कुठली गुणवत्ता? त्या दिवशी मला जास्त बोलता आलं नाही, गळा भरून आला. आमच्याही आत्मविश्वासाचे चारच गुण!

एका प्रश्नावर मात्र माझं त्यांच्याशी अजून पटलेलं नाही. आमची एक मुलगी शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि गावाकडे फिरकली नाही. विश्वस्त चिडले. पुढच्या मुलींकडून बंधपत्र लिहून घ्या म्हणाले, तीन वर्षं आपल्या भागात काम करण्याचं.

बंधपत्राचा इतिहास आपल्याला चांगला माहीत आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. राहायला कुणी खोली देईना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ते मुंबईला परतले. करार मोडला. शिष्यवृत्ती वाया गेली असं कुणी म्हणेल का? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

माझं म्हणणं असं की मुलगी परत यावी असं वाटत असेल तर तिला परत येऊन राहता येईल असं गाव हवं. जिथे संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिसली तरी चर्चा होते, तिथे ती कशाला येईल? ती पुण्याची मुलगी कुणाचं देणं लागत नाही. बंधपत्राला माझा विरोध आहे. झिंबाब्वेच्या मुली थांबतात, त्याचं कारण मला दिसतं ते हे की त्यांना सोबत असते, संघटना असते. म्हणून आता आम्ही एका तालुक्यातून एक मुलगी निवडत नाही, एका गावातून चार निवडतो. गावं कमी होतात. त्याचंही मला वाईट वाटतं, पण एकटी पाठवलेली मुलगी एकटीच राहते, हे बघितलं आहे.

ती एसटीवाली मुलगी? तिला मी पुन्हा अर्ज कर म्हटलं होतं. ‘आता लेकरू हाय. माझ्या धाकटीला द्या,’ म्हणाली. धाकटीचं नर्सिंग पूर्ण झालं. थोरली दरसाल हंगामात तोडीला जाते. दोन वर्षांपूर्वी तिनं मुक्त विद्यापीठाचा प्रवेश घेतला होता, पहिल्या वर्षाचे दोन पेपर राहिले. या वर्षी परीक्षा हंगामात येते का ते बघायचं आहे.

यंदाचे फॉर्म मी आणले आहेत. दोन पानी, मराठीत. उत्पन्नाचा दाखला मागाहून दिला तरी चालेल. आपल्या वस्तीतल्या, गावातल्या मुलींची नावं तुम्हीच सुचवायची आहेत. मुलगी कशी बोलते ते लिहू नका, तिनं काय केलं आणि कुणाकुणाला बरोबर घेऊन केलं ते लिहा. लग्न झालेली असली तरी लिहा. चहाच्या सुट्टीत मी मागच्या दाराशी बसते आहे.