हिमगाडीवरील पादत्राणे

29 मे 1953 ची पहाट. एव्हरेस्टच्या धारेवरील अखेरच्या तंबूत एडमंड हिलरी यांनी आपल्या बुटांना हात लावला, तो ते लाकडासारखे कडक झालेले! रात्री त्यांनी ते पायांतून काढून ठेवले होते. शेजारी झोपलेल्या तेनसिंग नोर्गे यांनी मात्र आपले रेनडिअरच्या कातड्याचे बूट पायांतच ठेवले होते. जगातील सर्वोच्च शिखर हाकेच्या अंतरावर, आणि हिलरी स्टोव्हच्या ज्योतीवर बूट शेकीत बसले आहेत! बाहेरच्या थंडीइतकाच बुटाच्या आतला ओलावा पायाचा वैरी असतो. पाऊल दिवसभर घामेजते आणि तोच घाम पुढे गोठतो.

हिमगाडीवर स्वार होणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांचा लहानगा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला. बर्फाने रस्ते अडल्यामुळे त्याला रुग्णालयात पोचवता आले नाही. बर्फावरून धावणाऱ्या वाहनाचा ध्यास त्यांना आधीपासून होताच. तो त्यांनी सोडला नाही. 1959 साली त्यांची एकट्यादुकट्याने हाकण्याजोगी छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली.

या गाडीवर माणूस बसून असतो, हीच खरी अडचण. चालणाऱ्याच्या पोटऱ्या हलतात, रक्त खेळते, पाय आपली ऊब आपणच निर्माण करतो. स्वाराचे पाऊल मात्र पायठाणावर तासन्‌तास निश्चल, आणि वर वाऱ्याचा मारा. उणे 20 अंश तपमानात ताशी 40 किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे 34 अंशांसारखी भासते. म्हणून चालण्यासाठी पुरेसा उबदार असलेला बूट येथे अपुरा पडतो. डब्यावर छापलेल्या तपमानाच्या आकड्यावर विसंबणाऱ्याने तो आकडा चालणाऱ्या माणसासाठी आहे की बसलेल्या, हे दुकानदारास अवश्य विचारावे.

मग बूट निवडावा कसा? खाली पाणी न शिरणारे रबर, वर पोटरीपर्यंत चढणारा भाग, त्याच्या तोंडाशी बर्फ आत पडू नये म्हणून ओढून बांधण्याची नाडी, आणि आत जाड नमद्याचे अस्तर. हे अस्तर सुटे निघणारे असावे. रात्री ते काढून शेगडीजवळ, पण अगदी ज्वाळेशी नव्हे, वाळवता येते. शिवलेले अस्तर सकाळपर्यंत वाळेलच असे नाही.

मापाच्या बाबतीत हौशी मंडळी हमखास फसतात. थंडी फार म्हणून दोन-दोन जाड मोजे चढवायचे आणि नेहमीच्याच मापाच्या बुटात पाय कोंबायचा! पाय आवळला की रक्त खुंटते, अस्तरातली हवा दबते आणि ऊब नाहीशी होते. याहून एक मोजा बरा. लोकरी मोजे घालूनच, शक्यतो सायंकाळी पाय थोडे सुजलेले असताना, बूट घालून पाहावा. टाच घट्ट बसावी, बोटे मात्र मोकळी हलावीत. सुती मोजे घरीच ठेवावेत. ते घाम पितात आणि ओलेच राहतात.

आपल्याकडील प्रवासी गुलमर्गला जातात, तेव्हा तेथे भाड्याने रबरी गमबूट मिळतात. ते ओल अडवतात, पण ऊब देत नाहीत. हिमगाडीवरच्या छोट्या फेरीपुरते, आत लोकरी मोजे असल्यास, चालून जातात.

बोटे दुखतात तोवर त्यांत जीव असतो. दुखणे थांबून ती बधिर, पांढुरकी पडली, की गाडी थांबवून निवाऱ्याला जावे. बर्फाने चोळण्याचा जुना उपाय घातक आहे. आधीच दुखावलेली कातडी त्याने फाटते. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तरच पाय 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावा, आणि डॉक्टरांस दाखवावा. 1950 साली अन्नपूर्णा सर करून उतरलेल्या मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल यांच्या पायांची सर्व बोटे कापावी लागली. लाशनाल यांना पाय गोठत असल्याची जाणीव वर चढतानाच झाली होती.