कौंडण्यपूर : राजधानी आणि ग्रामपंचायत

कौंडण्यपूर हें नांव उच्चारलें कीं आपल्या मनासमोर प्रथम उभी राहते ती रुक्मिणी. विदर्भराज भीष्मकाची ही कन्या. तिच्या स्वयंवराची कथा तेराव्या शतकांत नरेंद्रकवीनें आणि सोळाव्या शतकांत एकनाथांनीं मराठींत गाइली. नळाची दमयंती, अगस्त्यांची लोपामुद्रा आणि अजराजाची इंदुमती यांचेंहि माहेर परंपरा येथेंच दाखविते. इतक्या थोर लेकी ज्या गांवानें दिल्या, त्या गांवाविषयीं आपणांस माहिती किती आहे, असा प्रश्न मला एका विद्यार्थ्यानें फार वर्षांपूर्वीं विचारायला लावला. त्याचें उत्तर मीं तेव्हां नीट दिलें नाहीं. तें आज देण्याचा प्रयत्न करणार आहें.

शाळेच्या सहलीबरोबर आम्ही कौंडण्यपुरास गेलों होतों. देवदर्शन झालें, नदीच्या कांठीं डबे उघडले गेले, आणि मीं मुलांना भीष्मकाच्या राजधानीची हकीकत सांगितली. ती संपतांच एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, पण राजधानी आहे कोठें?” समोर वर्धेचें रुंद पात्र होतें, देवळांचीं शिखरें होतीं, मातीचे उंचवटे होते आणि चार घरांच्या ओळी होत्या. “होती बाळ, काळानें नेली,” असें मीं म्हटलें. त्यावर त्यानें लगेच विचारलें, “मग आतां इथला कारभार कोण पाहतो?” “सरपंच,” एवढें बोलून मीं मुलांना गाडींत बसविलें. खरें सांगावयाचें तर, त्यानें तिसरा प्रश्न विचारला असता, तर मला उत्तर देतां आलें नसतें.

प्रथम भूगोल पाहूं. कौंडण्यपूर हें अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यांत, वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर आहे. पूर्वीं तें चांदूर तालुक्यांत मोडत असे. अमरावतीपासून तें सुमारें चाळीस किलोमीटर आहे. नदी ओलांडली कीं वर्धा जिल्ह्यांतील आर्वी तालुका लागतो. वर्धा नदी सातपुड्याच्या डोंगरांत, मध्यप्रदेशांतील बैतूल जिल्ह्यांत, मुलताईच्या परिसरांत उगम पावते. तापीचा उगमहि त्याच मुलताईस आहे. म्हणजे दोघी शेजारणी. पण एक पश्चिमेस वळून खंबायतच्या आखातास मिळते, आणि दुसरी आग्नेयीकडे वाहत जाऊन वैनगंगेला भेटते, तिच्यासह प्राणहिता हें नांव घेते व गोदावरीच्या द्वारें पूर्व समुद्रास जाते. वऱ्हाडची भूमि या दोन नद्यांच्या उतारांवर पसरलेली आहे.

या भूमीचा मुख्य गुण म्हणजे काळी माती. खडकाच्या झिजेनें तयार झालेली ही माती पाणी धरून ठेवते. म्हणून येथें कापूस पिकतो, तूर पिकते, आणि अलीकडे सोयाबीनहि पिकतें. उन्हाळ्यांत तीच माती इतकी भेगाळते कीं त्या भेगेंत हाताचा पंजा सहज जावा. अमरावतीकर श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या नळाला येणारें पाणी मोर्शी तालुक्यांत सिंभोरा येथें अडविलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचें, म्हणजे याच नदीचें आहे. रुक्मिणीच्या माहेरच्या नदीचा घोंट आपण रोज घेतों. त्या माहेराचें बरेंवाईट अगदींच परक्याचें नाहीं.

वऱ्हाडचा शेतकरी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द वापरतो. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यानुपिढ्या घरें उभीं राहतात, पडतात, त्यांच्या भिंतींची माती व चुलींची राख एकावर एक सांचत जाते, आणि गांवाखालची भूमि उंच व फिकट होते. कौंडण्यपूरची पांढरी तशीच उंच आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत डॉ. मोरेश्वर दीक्षित यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन झालें, आणि सातवाहनांच्या काळीं व त्याहिपूर्वीं येथें मनुष्यवस्ती होती, असें दिसून आलें. त्यांतून भीष्मकाचा राजवाडा मिळाला, असें कोणीं समजूं नये; पुराणकथेची साक्ष मडक्यांच्या तुकड्यांकडे मागणें योग्य नव्हे. परंतु दोन सहस्र वर्षांहून अधिक जुनी वस्ती ही गोष्टहि लहान नाहीं. माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं असें सांगावयास हवें होतें : बाळ, जुनी वस्ती कोणीं नेलेली नाहीं, तुझ्या पायांखालीं आहे.

आतां इतिहास. वाकाटक, यादव, बहामनी, एलिचपूरची इमादशाही, मोगल आणि निजाम असे अनेक राज्यकर्ते या भूमीवरून गेले. त्यांच्या वंशावळी आपणांस पुस्तकांत मिळतील. या गांवाच्या दृष्टीनें मला महत्त्वाचें वाटतें तें एकच साल, १८०३. त्यापूर्वीं वऱ्हाडांत दोअमली होती; एकाच मुलखांत निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचीहि वसुली चाले. रयतेला दोन धनी, म्हणजे दोन जांच. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांव येथें भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला, डिसेंबरांत गाविलगड पडला, आणि देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख, गाविलगड व नरनाळा यांच्या भोवतींचा कांहीं भाग वगळतां, भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. त्या दिवसापासून कौंडण्यपूरच्या घांटावरून दिसणारा पैलतीर हा दुसऱ्या राज्याचा झाला.

नदी तीच, माती तीच, भाषा तीच, सोयरीकहि दोन्ही तीरांवर. परंतु कारभार निराळा. १८५३ सालीं निजामानें कर्जापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. पुढल्याच वर्षीं पलीकडचें नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि १८६२ मध्यें वर्धा हा निराळा जिल्हा बनला. इंग्रज दोन्हीकडे एकच. तरी जमिनीची पद्धति मात्र त्यांनीं दोन तीरांवर दोन ठेविली. वऱ्हाडांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन खातेदार शेतकरी सारा भरण्यास स्वतः सरकारला जबाबदार ठरला. गांवचा पाटील वसुली करी, पटवारी लेखन ठेवी. पण जमिनीचा मालक पाटील नव्हता. पैलतीरावर मालगुजारी आली. तेथें एका गांवाचा, कित्येकदां अनेक गांवांचा, एक मालगुजार; सारा तो भरी, आणि बहुतेक शेतकरी त्याचीं कुळें.

या भेदाचा परिणाम खोल झाला. ऐलतीरावरचा शेतकरी कर्जबाजारी होई, सावकाराच्या दारीं जाई, त्याची जमीन लिलांवांतहि जाई. हें सर्व खरें. तथापि आपल्या खात्यावर आपलें नांव आहे, एवढी ताठ मान त्याला होती. पैलतीरावर गांवचें माळरान, झाडझाडोरा, तळें या सर्वांवर मालगुजाराचा शब्द चाले. १९०३ पासून दोन्ही तीर एकाच प्रांताच्या कारभाराखालीं आले, तरी हा फरक राहिलाच. मालगुजारी शेवटीं मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यानें, १९५१ सालीं संपली. १९५६ मध्यें विदर्भ मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. पुढें १९६२ च्या कायद्यानें वंशपरंपरेची मुलकी पाटीलकीहि गेली. कोठल्याहि लढाईशिवाय झालेली ही मोठी क्रांति होय. पण तिच्यावर कोणीं पोवाडा रचल्याचें मला माहीत नाहीं.

मग पाटील गेला, मालगुजार गेला, त्या जागीं कोण आलें? येथें त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सुरू होतें. ग्रामीण भागाला स्वतःचा कारभार देण्याचा आरंभ वऱ्हाडांत १८८५ च्या ग्रामीण मंडळांच्या कायद्यानें झाला. ग्रामपंचायतींचा कायदा मध्यप्रांतांत १९२० सालीं आला, आणि १९४८ मध्यें तहसिलींसाठीं जनपद सभा निघाल्या. आजची घडी मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याची आणि १ मे १९६२ पासून आलेल्या जिल्हा परिषद व पंचायत समिति यांची आहे. १९९३ सालीं घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें या संस्थांना राज्यघटनेचा आधार मिळाला.

ग्रामपंचायतींत लोकसंख्येप्रमाणें सातपासून सतरापर्यंत सभासद असतात. २०२२ पासून सरपंच पुन्हां थेट गांवच्या मतदारांकडून निवडला जाऊं लागला आहे. लोक ज्याला ग्रामसेवक म्हणतात तो पंचायतीचा चिटणीस. पण त्याची नेमणूक जिल्हा परिषदेची. लोक ज्याला तलाठी म्हणतात तो महसूल खात्याचा. म्हणजे एक गांवचें दप्तर ठेवतो, दुसरा जमिनीचें. पुष्कळ गांवकरी या दोघांची गल्लत करतात आणि एकाचें गाऱ्हाणें दुसऱ्याच्या दारांत घालून हात हलवीत परत येतात.

पंचायतीचें उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर आणि सरकारी अनुदानें. यात्रेकरूंवर व जत्रेवर कर बसविण्याचीहि मुभा कायद्यानें दिली आहे. कौंडण्यपुरासारख्या क्षेत्राला याचें महत्त्व अधिक. आषाढींत रुक्मिणीची पालखी येथून पंढरीस निघते. संत सदाराम महाराजांनीं १५९४ सालीं ती सुरू केली, अशी परंपरा आहे. कार्तिकांतहि येथें यात्रा भरते. यात्रेचे दिवस भाविकांना पुण्याचे, परंतु पंचायतीला ते कसोटीचे. हजारोंच्या तोंडीं पाणी, पायांखालीं रस्ता, रात्रीं दिवा, आणि माणसें पांगल्यावर उरलेली घाण, हें सर्व त्या लहानशा गांवाच्या अंगावर येतें. आपण दर्शन घेऊन, नारळ ठेवून परततों. मागें राहिलेल्या पत्रावळी कोण उचलतो, हा प्रश्न मनांत आणणारा यात्रेकरू मला विरळा भेटला.

पंचायतीहून मोठी अशी एक संस्था गांवांत आहे, ती ग्रामसभा. गांवचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. तिच्यापुढें पंचायतीनें जमाखर्च मांडावयाचा. तिनें प्रश्न विचारावयाचे. नेहमींच्या सभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचीहि तरतूद आहे. सभेची गणपूर्ति म्हणजे एकंदर मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल ती. तेवढे लोक न आल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाहीं. हें शेवटचें वाक्य, श्रोतेहो, कृपा करून ध्यानांत ठेवा. मीं तें ठेविलें नाहीं, आणि त्याचें फळ भोगलें.

निवृत्तीनंतर मी जन्मगांवीं राहूं लागलों. आमच्या घरामागें, वेशीजवळ, गांवची जुनी विहीर होती. लहानपणीं तिचें पाणी मीं प्यालेलें. एका सकाळीं पाहतों तों तींत मुरूम आणि विटांचे तुकडे पडत आहेत! माझा संताप अनावर झाला. पंचायतीच्या दारांत उभा राहून मीं मोठमोठ्यानें बोललों. आंतून पंचायतीच्या सभासद असलेल्या एक वृद्ध बाई आल्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या त्या मैत्रीण. त्या शांतपणें म्हणाल्या, “मास्तर, विहिरीचा विषय दोनदां सभेपुढं आला. पहिल्या सभेला माणसं भरली नाहींत. दुसऱ्या सभेला आम्ही अकरा जण होतों. मी एकटी नको म्हणालें. तुम्ही कोठं होता?”

मी कोठें होतों? घरीं. ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत. दवंडी मीं ऐकली होती. सभेंत भांडणें होतात, आपल्यासारख्यानें तेथें काय जावें, असें मनाशीं म्हटलें होतें. विहीर ज्यांनीं बुजविली त्यांना मीं दोष देतों, पण त्यांत माझा वांटा नव्हता, असें मला म्हणतां येत नाहीं. तीस वर्षें मुलांना ‘नागरिकांचीं कर्तव्यें’ हा धडा मीं शिकविला. तो मला शिकविला त्या बाईंनीं.

याच तिवसा तालुक्यांत मोझरीस गुरुकुंज आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं ग्रामगीता लिहिली ती गांवाचा उद्धार गांवानेंच करावा या तळमळीनें. जर्मनीसारख्या देशांत लहानशा शहराच्या मुख्य चौकांतहि एका बाजूस देऊळ आणि दुसऱ्या बाजूस ‘राटहाउस’, म्हणजे नगरसभेची इमारत, असते; लोक दोहोंचाहि अभिमान बाळगतात. आपल्याकडे देवळाची पायरी झिजते आणि पंचायतीची तशीच राहते. दोन्ही झिजावयास हव्यात, एवढेंच माझें म्हणणें.

शेवटीं रुक्मिणीकडे येतों. आईबापांनीं नव्हे, तर भावानें ठरविलेलें लग्न तिला नको होतें. ती रडत बसली नाहीं. तिनें स्वतः पत्र लिहिलें, विश्वासू ब्राह्मणाच्या हातीं द्वारकेस धाडलें, आणि आपली इच्छा स्पष्ट शब्दांत कळविली. या गांवांतून गेलेला पहिला अर्ज तो. आणि तो एका मुलीचा होता. २०११ पासून महाराष्ट्रांत पंचायतींतील अर्ध्या जागा स्त्रियांसाठीं आहेत. ज्या भूमींत हें पत्र लिहिलें गेलें, तेथील लेकीसुनांनीं सभेंत तोंड उघडण्यास संकोचूं नये.

माझा तो विद्यार्थी आतां चांगला मोठा झाला असेल. तो ऐकत असल्यास त्याला सांगतों : बाळ, तेथला कारभार कोण पाहतो, असें तूं विचारलें होतेंस. जे सभेला येतात ते पाहतात. पुढल्या वेळीं दवंडी ऐकशील तेव्हां जाऊन बैस. मी आतां जात असतों.