एका अक्षराचा दुसरा बाइट



मराठी संगणनाच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलं आहे. वर्षभराच्या कामाचा आढावा कार्यवाहांनी घेतलाच आहे. मी आज जपानच्या काताकाना लिपीतल्या एका अक्षराबद्दल बोलणार आहे. ते अक्षर म्हणजे 'सो'.

जपानने १९६९ साली काताकानाला संगणकावरच्या अक्षरांच्या राष्ट्रीय मानकात स्थान दिलं. एका बाइटात २५६ जागा असतात. खालच्या अर्ध्यात रोमन अक्षरं होती, वरच्या अर्ध्यात काताकानाची ६३ चिन्हं बसवली. 'गा'ला तर स्वतंत्र जागाही मिळाली नाही. 'का' आणि पुढे घोषत्वाची खूण, अशा दोन जागा मिळून तो होई. १९७८ साली चिनी वळणाच्या हजारो कांजी अक्षरांसाठी ९४ गुणिले ९४ घरांचं कोष्टक आलं. त्यात काताकाना पुन्हा, पाचव्या ओळीत.

खरी अडचण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, ही दोन्ही एकत्र वापरणाऱ्या शिफ्ट-जिस पद्धतीत आली. जुन्या ६३ चिन्हांत लिहिलेल्या फायली तोवर सगळीकडे पसरल्या होत्या, त्यामुळे त्या जागांना हात लावणं शक्य नव्हतं. दोन बाइटी अक्षरांचा पहिला बाइट उरलेल्या जागांत सरकवला आणि दुसरा थेट रोमन अक्षरांच्या हद्दीत शिरला. 'सो'च्या वाट्याला आले, षोडशमान अंकांत, ८३ आणि ५सी. हा ५सी म्हणजेच उलटी तिरपी रेघ, बॅकस्लॅश. सी भाषेत ती 'पुढचं अक्षर वेगळ्या अर्थाने घे' असं सांगते आणि स्वतः नाहीशी होते.

आता 'सोफुतो' हा शब्द घ्या. जपानीत सॉफ्टवेअरला असंच म्हणतात. त्याचे बाइट ८३ ५सी, ८३ ७४, ८३ ६७. शिफ्ट-जिस न जाणणाऱ्या कंपायलरने ५सी गिळला की उरतं ८३ ८३, ७४, ८३ ६७. वाचणाऱ्याला दिसतो छोटा 'या', मग रोमन 'टी', मग 'तो'. यावर प्रोग्रामर 'सो'नंतर आणखी एक बॅकस्लॅश टाकत. आपल्याच लिपीतलं अक्षर उमटावं म्हणून त्याला असा टेकू द्यावा लागे, हे मला आजही अस्वस्थ करतं.

ज्यांनी हे ठरवलं त्यांना मी दोष देणार नाही. लोकांचा जुना मजकूर त्यांनी वाचवला. पण त्याची किंमत पुढे कित्येक वर्षं इतरांनी मोजली.

१९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युनिकोडसाठी यूटीएफ-८ची रचना केली आणि हे मूळच उपटलं. अनेक बाइटांच्या अक्षराचा एकही बाइट रोमन हद्दीत येणार नाही, हा त्यांचा नियम. 'सो' आता ई३ ८२ बीडी. आपलं 'क'सुद्धा तीनच बाइटांचं, आणि तितकंच सुरक्षित. त्या ६३ चिन्हांची जुनी, अर्ध्या रुंदीची काताकाना मात्र युनिकोडमध्येही वेगळी ठेवावी लागली, कारण एकदा दिलेली जागा परत घेता येत नाही.

हे आपल्याला थेट लागू पडतं. 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, देवनागरी युनिकोडमध्ये येऊन सतरा वर्षं झाल्यावर. 'वऱ्हाड' शब्दातला अर्धा र आजही दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकदा 'ऱ' वापरून, एकदा साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही, म्हणून एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं सापडत नाही. गावांची नावं, आडनावं, कोशांतल्या नोंदी अशा निसटतात. तिथे भाषेचा अभ्यासक आणि प्रोग्रामर यांनी एकाच टेबलाशी बसायला हवं, आणि मानक ठरण्याआधी बसायला हवं.

आजच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे: मराठी शोधयंत्रणांनी ही दोन्ही रूपं एकच मानावीत. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. चाचणीसाठी तुमच्या बोलीतले असे शब्द त्यात भरा आणि दुरुस्त्या दुपारी चारपर्यंत कार्यवाहांकडे द्या.