चापाचं वजन



‘तू पिस्तुलं दुरुस्त करतोस म्हणजे काय?’ असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी नेमबाजांची पिस्तुलं जुळवून देतो, एवढंच. त्यातलं एक काम सांगतो, चापाचं.

राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, त्या २५ मीटर प्रकारात चापानं किमान १००० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. नळी वर धरून चापाला वजन लटकवतात. तीन संधी. वजन उचलण्याआधीच चाप सुटला, तर पिस्तूल नापास. नेमबाजाला मात्र ओढ हलकीच हवी! म्हणून मी ती थोडी वर ठेवतो.

वजन स्क्रूनं बदलतं. खरखर असते ती आकडा आणि घोडा एकमेकांना अडतात तिथं. तिथं कानस लावायची नाही. वरचा कडक थर गेला की खाच झिजते आणि पिस्तूल नुसत्या धक्क्यानं उडू शकतं. ‘घासलेलं पोलाद परत चिकटत नाही,’ हे टेक्निकलच्या सरांचं वाक्य मी शिकाऊ पोरांना आजही ऐकवतो. भाग झिजलेला दिसला की सरळ नवा मागवतो. गिऱ्हाईक खर्चावरून रागावतं. रागावू दे, रेंजवर शेजारी कुणाची तरी मुलगी उभी असते.