ऋणकोंच्या कागदांतून सत्याकडे : प्रा. एलिझाबेथ वॉरन
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा गोषवारा)



व्यापारी समाजात 'दिवाळे' या शब्दाइतका दाहक शब्द दुसरा नाही. ज्याची पेढी बुडाली त्याची पतच नव्हे, तर नीतीही बुडाली असे बाजारपेठ परस्पर ठरवून मोकळी होते. मुलाबाळांच्या सोयरिकीपर्यंत त्याची झळ पोहोचते. परंतु बुडणारा प्रत्येक जण लबाडच असतो काय ? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयातील कागद उलगडून शोधणाऱ्या अमेरिकन विदुषी एलिझाबेथ वॉरन यांचे कार्य म्हणूनच आपण जाणून घेण्यासारखे आहे.

२२ जून १९४९ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या १२ वर्षांच्या असताना वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. खर्च वाढला, मिळकत घटली, हप्ते थकले आणि मोटार गेली. अखेर आईने सीअर्स या कंपनीत नोकरी धरली आणि घर तरले. वादविवादातील प्रावीण्यावर एलिझाबेथ यांनी शिष्यवृत्ती मिळविली. विवाहामुळे खंडित झालेले शिक्षण पुढे नेटाने चालवून १९७० मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाची पदवी आणि संसार सांभाळत १९७६ मध्ये रटगर्स विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी संपादन केली. ह्यूस्टन, टेक्सास, पेनसिल्व्हेनिया आणि १९९५ पासून हार्वर्ड अशा विद्यापीठांतून त्यांनी दिवाळखोरी व व्यापारी कायदा हे विषय शिकविले.

अमेरिकेने १९७८ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा केला. कायद्याने राखून दिलेली मालमत्ता वगळून बाकीची धनकोंसाठी सोडून द्यावी आणि बहुतेक देण्यांतून मुक्त व्हावे, किंवा न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार काही वर्षे हप्ते फेडावेत, असे दोन मार्ग सामान्य ऋणकोपुढे असतात. मालमत्ता लपविणाऱ्यास मात्र ही मुक्ती नाकारता येते. तरीही या सवलतीमुळे लबाडांचे फावते, असा आक्षेप घेतला गेला. वॉरन यांनाही प्रारंभी तोच संशय होता आणि तो सिद्ध करावा याच हेतूने त्या संशोधनास प्रवृत्त झाल्या.

समाजशास्त्रज्ञ टेरेसा सलिव्हन आणि कायद्याचे प्राध्यापक जे वेस्टब्रूक यांच्यासह त्यांनी इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया व टेक्सास या तीन राज्यांतील १९८१ सालचे सुमारे दीड हजार अर्ज तपासले. त्यांतून वेगळेच चित्र पुढे आले. अर्जदार बहुतांशी कष्टकरी, मध्यमवर्गीय होते. कोणाची नोकरी गेलेली, कोणाच्या घरी आजारपण, कोणाचा संसार मोडलेला. छोटा धंदा बुडालेल्यांची संख्याही लक्षणीय होती. वॉरन यांनी पुराव्यापुढे आपले मत बदलले.

हे संशोधन १९८९ मध्ये 'अ‍ॅज वुई फर्गिव्ह अवर डेटर्स' या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ऋणकोंना क्षमा करण्याविषयीचे हे शीर्षक ख्रिस्ती प्रार्थनेतून घेतलेले आहे. दरवर्षी क्षमापना करणाऱ्या समाजास त्यातील भाव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे १९९५ मध्ये दिवाळखोरी कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या त्या सल्लागार झाल्या. कायदा कडक करण्यास त्यांनी अनेक वर्षे विरोध केला. पण २००५ मध्ये तो कडक झालाच. त्यांच्या काही निष्कर्षांवर अभ्यासकांत मतभेदही झाले. तथापि २००८ च्या आर्थिक अरिष्टात सरकारी साहाय्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. कर्ज घेणाऱ्या ग्राहकांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा असावी, ही त्यांनी २००७ मध्ये मांडलेली कल्पना २०१० च्या कायद्याने साकार झाली. २०१३ मध्ये त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातर्फे सिनेटच्या सदस्य झाल्या.

भारतातही २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. कायदा देण्याघेण्याचा निवाडा करील. परंतु खचलेल्या माणसास पंगतीत पूर्वीच्याच मानाने बसविणे कायद्याच्या हाती नाही. ते समाजाच्या हाती आहे. वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकान्ताचे तत्त्व आपण प्रवचनातून ऐकतो. तेच बाजारपेठेतही आचरावे लागेल. ज्याने जाणूनबुजून लोकांचे पैसे बुडविले त्याने अचौर्यव्रताचा भंग केला; त्यास पाठीशी घालू नये. परंतु मंदी, आजारपण वा थकलेली उधारी यांमुळे जो कोसळला त्याच्या वह्या आधी पाहाव्यात, मग बोलावे. शक्य असल्यास मुदत द्यावी, मुलांच्या शिक्षणाची फी भरावी, नव्याने उभे राहण्यास दोन ठाणांचा माल विश्वासाने द्यावा. साधर्मिक वात्सल्य म्हणतात ते याहून वेगळे नाही.

जय जिनेंद्र !