बाटलीतली भट्टी
(मंडळाच्या सभेतील छोटेखानी भाषण)

आपण बोन चायनाचे कप पाहुण्यांसाठी जपतो ना? मी ते जिथे भाजले जात तिथे जाऊन आलो. स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या लाँगटनचा ग्लॅडस्टन पॉटरी कारखाना आता संग्रहालय आहे. तिथल्या विटांच्या भट्ट्या थेट बाटलीसारख्या! १९५६च्या क्लीन एअर ॲक्टनंतर अशा कोळशाच्या भट्ट्या विझत गेल्या. लाँगटनला शेवटची १९७८ साली पेटली.

कपबश्या 'सॅगर' नावाच्या जाड मातीच्या डब्यांत रचून भाजत. डब्यांचे तळ थापायला पोरं असत. गारगोटीच्या धुळीने कामगारांची छाती पोखरली जाई.

कप कपाटात टिकतात. माणसांची आठवण मात्र या भट्ट्यांनीच धरून ठेवलीय. मुलांना घेऊन जरूर जा.